ब्रश पोह्याआधी का पोह्यानंतर? नागपूरच्या नंदनवन वस्तीतल्या सूनबाईंचं पत्र

पत्र असं आलं आहे, थोडं कापून देते:

"डॉक्टर ताई, नमस्कार. आम्ही नंदनवनात राहतो, घरात सहा माणसं अन् बेसिन एकच. सासरे पाचला उठतात, तोंड धुतल्याशिवाय पाण्याचा घोटही घ्यायचा नाही असा त्यांचा कायदा आहे. माझे मिस्टर अगदी उलटे, आधी चहा, मग पोहे, अन् ऑफिसला निघायच्या दोन मिनिटं आधी ब्रश, का तर म्हणे खाल्ल्यावर घासलं नाही तर घासून उपयोग काय. आजकाल त्यांना थंड पाणी लागलं की दात शिवशिवतात. दीर यूट्यूब पाहून उठल्या उठल्या तीन ग्लास पाणी पिऊन राहिले, तेही ब्रश न करता. मुलगी दुसरीत आहे, आठला व्हॅन येते, आधी ब्रश दिला की तिला उबळ येते म्हणून मी दूध देऊन मग घासून देते. सासूबाई मशेरी लावतात अन् एकादशी-चतुर्थीला पेस्टला हात लावत नाहीत, पेस्टने उपास मोडते म्हणतात. रोज सकाळी बेसिनपाशी यावरून वाद. नक्की बरोबर कोण आहे ते एकदाचं सांगा."

ताई, तुमच्या घरी तं अख्खं डेंटल कॉलेज भरते बाप्पा. निकाल आधीच देऊन टाकते म्हणजे तुम्हाला शेवटपर्यंत वाचायची घाई नको: सासरे बरोबर आहेत, फक्त पाण्याचा कायदा जरा जास्तच कडक आहे. ब्रश उठल्यावर, चहाच्या आधी. आणि तुमच्या मिस्टरांचं जे टायमिंग आहे ना, पोहे खाल्ले की लगेच, ते सगळ्यात चुकीचं, त्यापेक्षा त्या वेळेला ब्रश हातातच घेतला नाही तरी परवडले.

आता काहून ते सांगते. दिवसभरात आपल्या तोंडात साधारण अर्धा ते दीड लिटर लाळ बनते, आणि दातांची खरी राखणदार तीच आहे, ती अन्नाचे कण वाहून नेते, आंबटपणा मारते, आणि तिच्यातलं कॅल्शियम-फॉस्फेट दातांना परत मिळत राहते. पण झोपलो की लाळ जवळपास बंदच होते, त्यात कोणी तोंड उघडं टाकून झोपत असेल किंवा उन्हाळ्यात कूलरच्या समोर झोपत असेल तं तोंड अजूनच कोरडं. मग सहा-सात तास बॅक्टेरियाला रान मोकळं. सकाळी जिभेवर जो पांढरा थर असतो, दातांवर जे बुळबुळीत लागते आणि तोंडाला जो वास असतो तो याचाच, ते बॅक्टेरिया गंधकाचे वायू सोडतात म्हणून तो वास असा असतो. आता हा सगळा थर तसाच ठेवून तुम्ही वरून दोन चमचे साखरेचा चहा ओतला तं काय होणार? बॅक्टेरिया साखर खातात आणि ॲसिड बनवतात, आणि ते ॲसिड दाताला चिकटूनच बनते कारण थर दाताला चिकटलेला आहे. थर आधीच काढून टाकला तं त्याच चहातून तेवढं ॲसिड बनतच नाही. वर पेस्टमधलं फ्लोराइड दातावर बसलेलं असते, ते नाश्त्याच्या वेळी कामी येते. आणि घासल्याने लाळही सुटते. म्हणजे आधी घासणं ही पुढच्या खाण्याची तयारी आहे.

"खाल्ल्यावर घासलं नाही तर उपयोग काय" हे तुमच्या मिस्टरांचं म्हणणं ऐकायला एकदम बरोबर वाटते, माझ्या क्लिनिकमध्ये चांगले शिकलेले लोक हेच म्हणतात, कारण आपल्या डोक्यात ब्रश म्हणजे भांडी घासणं असं बसलेलं आहे, आधी जेवण मग घासणं. पण ब्रश अन्नाचे कण काढायसाठी नसतोच मुळात, कण तं चूळ भरूनही निघतात, ब्रश त्या चिकट थरासाठी असतो आणि तो थर रात्रभरात जमलेला आहे, पोह्यांनी नाही.

पोह्यांवर येते, कारण नागपुरात राहून पोह्यांवर न बोलता कसं चालेल. कस्तुरचंद पार्कजवळ उभं राहून खा नाहीतर घरी खा, आपल्या तर्री पोह्यांवर लिंबू पिळल्याशिवाय आपल्याला गोड लागत नाही. आता लिंबाच्या रसाचा पीएच (म्हणजे आंबटपणाचं माप, आकडा जितका कमी तितकं जास्त आंबट) 2 ते 2.5 च्या आसपास असतो, आणि दातांचं वरचं कवच म्हणजे इनॅमल, ते साधारण 5.5 च्या खाली पीएच गेला की त्यातून खनिजं सुटायला लागतात, वरचा पापुद्रा मऊ पडतो. डोळ्याला दिसत नाही, पण होते. लाळ हळूहळू ते ॲसिड मारते आणि खनिजं परत बसवते, पण तिला वेळ लागते. 1940 च्या दशकात स्टीफन नावाच्या अमेरिकन संशोधकाने लोकांना साखरेच्या पाण्याने चूळ भरायला लावून तोंडातला पीएच मोजला होता, काही मिनिटांतच तो धाडकन खाली येतो आणि परत वर चढायला अर्धा ते एक तास लागतो, तो आलेख आम्हाला कॉलेजात पहिल्या वर्षांपासून घोटून घेतात. तुमचे मिस्टर नेमके त्याच खड्ड्यात ब्रश चालवून राहिले. मऊ पडलेल्या इनॅमलवर ब्रश अन् पेस्ट म्हणजे ओल्या प्लास्टरवर खराटा. रोज रोज थोडं थोडं झिजते, आणि इनॅमल हे केस-नखांसारखं परत येत नाही, गेलं ते गेलं. मग आतला भाग उघडा पडतो आणि थंड पाणी लागलं की शिवशिवते.

अर्थात त्यांचे दात फक्त टायमिंगमुळेच शिवशिवत असतील असं मी इथे बसून सांगू शकत नाही. निघायच्या दोन मिनिटं आधी म्हणजे घाईत, घाईत म्हणजे जोरात, आडवा-आडवा रपारपा, आणि ब्रश बहुतेक हार्डवाला असणार (आपल्याकडे पुरुष मंडळींना सॉफ्ट ब्रश म्हणजे लहान पोरांचा वाटतो, काय सांगावं). त्याने हिरडीपाशी दाताच्या मानेला खाच पडते, ती जीभ फिरवली तरी नाही कळत, नखाने कळते. किंवा हिरडी खाली सरकली असेल, किंवा एखादी दाढ किडली असेल, किंवा रात्री छातीत जळजळ होऊन ॲसिड तोंडात येत असेल, ते पण दात खाते. शिवशिव दोन-तीन आठवड्यांच्या वर चालली तं दाखवून घ्या, सेन्सिटिव्ह पेस्ट लावून वर्षभर ढकलू नका. तोवर एवढं करा, ब्रश सॉफ्ट घ्या, पेन धरतो तसा धरायला सांगा, हिरडीकडून दाताच्या टोकाकडे फिरवायला सांगा, दोन मिनिटं.

आणि समजा ते ऐकतच नाहीत, मला नाश्त्यानंतरच घासायचं आहे म्हणतात, तर मग थांबा. अमेरिकन डेंटल असोसिएशन 60 मिनिटं म्हणते, बरेच डॉक्टर अर्धा तास म्हणतात. अर्ध्या तासाने इनॅमल अगदी पहिल्यासारखं झालेलं असते असंही नाही, म्हणूनच मी आधी घासा या पार्टीची आहे, थांबायचा प्रश्नच येत नाही. ज्यांना नऊच्या आत मिहानच्या ऑफिसात पोचायचं आहे ते पोह्यानंतर तासभर कुठे थांबणार, ते तं पार्किंगमधूनही निघून गेलेले असतात. नाश्त्यानंतर साध्या पाण्याने दोन-तीन चुळा जोरात भरायच्या, बस. पोहे दाढेत अडकतात हे मान्य, शेव तर हटकून, मग ते फ्लॉसने, म्हणजे दातांच्या फटीत घालायच्या दोऱ्याने काढा, फ्लॉस नसेल तं चूळ, पण सेफ्टी पिनने, काडेपेटीच्या काडीने कोरायचं नाही. संत्र्याच्या सीझनमध्ये तं हे अजूनच लक्षात ठेवा, नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये आपण सकाळी सकाळी ढिगाने संत्री खातो, संत्र्याचा पीएच 3.5 ते 4 च्या आसपास, लिंबापेक्षा कमी आंबट पण ॲसिडच ते. संत्री सोडा असं मी नागपुरात म्हणणार नाही, मला इथेच प्रॅक्टिस करायची आहे. फक्त संत्रं खाऊन लगेच ब्रश नको.

आता एक खरी अडचण सांगते जी पत्रात नाही पण मला माहीत आहे तुमच्या घरी असणार. ब्रश केल्यावर चहा बेचव लागते, संत्र्याचा ज्यूस तं कडू जहर लागते. बरोबर ना? पेस्टमध्ये फेस यावा म्हणून सोडियम लॉरिल सल्फेट नावाचा पदार्थ असतो, तो जिभेवरची गोड कळायची जागा थोडा वेळ दाबून टाकतो आणि कडू जास्त जाणवते. बेड टीवाले लोक ब्रश पुढे ढकलतात ते नव्वद टक्के आळसाने नाही, या चवीमुळे ढकलतात असं माझं मत आहे. उपाय सोपा आहे, ब्रश केल्यावर पंधरा-वीस मिनिटं दुसरं काही करा, अंथरूण काढा, अंघोळ करा, झाडांना पाणी घाला, मग चहा. किंवा बिना फेसाची, सल्फेट नसलेली पेस्ट मिळते ती आणा.

हा गॅप फ्लोराइडसाठीही चांगला आहे. आणि इथे एक गोष्ट आहे जी सासऱ्यांना पटायला सगळ्यात जड जाईल. ब्रश झाल्यावर आपण तांब्याभर पाण्याने खळखळून चुळा भरतो, घशात बोटं घालून शेजाऱ्याला ऐकू जाईल इतका आवाज करतो, तेव्हाच तोंड धुतल्यासारखं वाटते. त्याने पेस्टमधलं बरंचसं फ्लोराइड बेसिनमध्ये जाते. फेस थुंकायचा आणि फार तं एक छोटी चूळ. भारतात पेस्टमध्ये फ्लोराइड जास्तीत जास्त 1000 पीपीएम (म्हणजे दहा लाख भागांत हजार भाग) असू शकते, ते ट्यूबवर लिहिलेलं असते, जरा चष्मा लावून वाचा, हर्बल-आयुर्वेदिक म्हणून ज्या पेस्ट येतात त्यातल्या कित्येकांत फ्लोराइड नसतेच.

यावर लगेच कोणीतरी म्हणेल की आमच्या मामाच्या गावी यवतमाळकडे फ्लोराइडनेच पोरांचे दात पिवळे-तपकिरी झाले. खरं आहे, यवतमाळ, चंद्रपूर जिल्ह्यांत काही बोअरवेल-विहिरींच्या पाण्यात फ्लोराइड जास्त आहे, पिण्याच्या पाण्यात ते लिटरला 1 मिलिग्रॅमपर्यंत असावं आणि 1.5 च्या वर जाऊच नये असं मानक आहे, आणि लहानपणी दात हिरडीच्या आत बनत असताना असं पाणी रोज पोटात गेलं तर डाग पडतात. पण तो गिळण्याचा प्रश्न आहे. पेस्ट थुंकायची असते. मोठ्या माणसाच्या तयार दातांवर पेस्टने असले डाग पडत नाहीत.

दिरांच्या तीन ग्लास पाण्याचं पटकन उरकते. ब्रशआधी पाणी प्यायल्याने काही बिघडत नाही. रात्रभर आपण थुंकी गिळतच असतो, त्यातले बॅक्टेरिया पोटातल्या ॲसिडमध्ये मरतात. उलट कोरडं तोंड ओलं होते. "सकाळची लाळ म्हणजे अमृत, ती पोटात गेलीच पाहिजे" असं त्या व्हिडिओत सांगितलं असेल तर तेही सोडून द्या. फक्त पाणी म्हणजे पाणी, त्यात लिंबू-मध पिळून पीत असतील तं ते पुन्हा ॲसिड अधिक साखर झालं, मग ब्रश त्याच्या आधीच.

मुलीचं. उबळ येते तं जबरदस्ती करू नका, पण दूध-मग-ब्रश हे लगेच लागून नको. बहुतेक वेळा उबळ पेस्ट जास्त घेतल्याने, ब्रशचं डोकं मोठं असल्याने नाहीतर मागच्या दाढेपासून सुरुवात केल्याने येते. ब्रश छोट्या डोक्याचा घ्या, पेस्ट वाटाण्याएवढी, जाहिरातीत दाखवतात तशी लांब वळवळीत अळी नको, आणि समोरच्या दातांपासून सुरू करून मागे जा, तिला मान खाली घालू द्या म्हणजे फेस घशात जाणार नाही. तिखट पुदिन्याची पेस्ट पोरांना खरंच झोंबते, फळांच्या चवीची फ्लोराइडवाली मिळते. आधी एक-दोन घोट पाणी देऊन पाहा, रिकाम्या पोटाची मळमळ त्याने बरीचशी जाते. आणि सात-आठ वर्षांपर्यंत आईबापाने हातात ब्रश घेऊनच घासून द्यायचं असते, ते तुम्ही करताच आहात, उत्तम. बेसिनची रांग म्हणाल तं लहान पोराला बेसिन लागत नाही हो, अंगणात, मोरीत, गॅलरीत पाण्याचा मग हातात देऊन उभी करा.

पण ताई, तुमच्या अख्ख्या पत्रात रात्रीच्या ब्रशचा एक शब्द नाही, आणि मला खरी काळजी त्याची वाटली. सकाळी आधी का नंतर यावर तुम्ही रोज भांडता, पण मघाशी लाळेचं जे सांगितलं ते आठवा, रात्री राखणदार झोपलेला असतो. त्या वेळी दातांवर जेवणाचा, मिठाईचा, दुधाचा थर ठेवून झोपलो तर सहा-सात तास किडीचं काम बिनबोभाट चालते. दिवसातून दोनदा घासायचं, त्यात एक वेळ रात्रीची पक्की. कोणी मला म्हणालं की मी एकदाच घासणार तं मी सकाळचा सोड म्हणेन, रात्रीचा नको सोडू (वासासाठी घरचे शिव्या देतील ते वेगळं). रात्रीच्या ब्रशनंतर फक्त पाणी. मुलीला झोपताना दूध देत असाल तर ते ब्रशच्या आधी. जेवणानंतर फुटाळा तलावावर चक्कर, आइस्क्रीम, गोड पान, जे काय असेल ते होऊ द्या, पण सगळं झाल्यावर ब्रश.

सासूबाईंच्या मशेरीला मात्र सकाळ-संध्याकाळ असं काही टायमिंग नसते, तिची योग्य वेळ कोणतीच नाही. मशेरी म्हणजे भाजलेला तंबाखू. 1992 मध्ये केंद्र सरकारने टूथपेस्ट-टूथपावडरमध्ये तंबाखू घालायला बंदी घातली ती उगाच नाही, तरी घरोघरी भाजून लावणं सुरूच आहे, आणि आपल्या नागपुरात वरून तंबाखू-सुपारीचा खर्रा आहेच, गालात पन्नीतला खर्रा दाबलेला पोरगा दिसला की माझं लक्ष आधी त्याच्या तोंडाकडे जाते. सासूबाईंना रागवून काही होणार नाही, या वयात ती सवय नसून तलफ असते, सकाळी मशेरी लावल्याशिवाय पोट साफ होत नाही असं बायका खरंच सांगतात कारण निकोटिनने आतडं हलते. आधी कमी करा, तीन वेळा असेल तर एक वेळ. पण तपासणी थांबवू नका. गालाच्या आत, हिरडीवर, जिभेच्या कडेला पांढरा किंवा लाल चट्टा, तिखट लागून आग होणं, तोंड पूर्ण न उघडणं, दोन आठवड्यांत न भरणारी जखम, यातलं काही असेल तर मेडिकलच्या (सरकारी मेडिकल कॉलेजच्या) इथलं शासकीय दंत महाविद्यालय आहे, तिथे ओपीडीत दाखवा, खर्चाची चिंता नको. तुमच्या सगळ्या पत्रात तातडीचं काम हे एकच आहे, बाकी सगळं पुढच्या महिन्यात झालं तरी चालेल.

राहिला उपास. धर्माचं मी सांगणार नाही, ते तुमचे गुरुजी सांगतील, दातांचं सांगते. उपासाच्या दिवशी तोंड जास्तच कोरडं पडते आणि वासही जास्त येतो, म्हणून त्या दिवशी घासणं जास्त गरजेचं आहे. पेस्ट नको तं नको, कोरा ब्रश ओला करून दोन मिनिटं फिरवला तरी थर निघतो, कडुनिंबाची ताजी काडी चावून केली तरी चालते, त्यात फ्लोराइड नसते एवढंच, एक दिवसाने काही फरक पडत नाही. पेस्टने उपास मोडते आणि मशेरीने मोडत नाही हे कोणत्या पोथीत आहे ते मात्र सासूबाईंना एकदा प्रेमाने विचारून पाहा, मलाही कळवा. आणि साबुदाण्याची उसळ खाल्ल्यावर चुळा सगळ्यांनीच भरायच्या, साबुदाण्याएवढं दाताला चिकटणारं दुसरं काही मी पाहिलं नाही.